देवघरातलं लेबल

आधी खोक्याचं माप आलं, मग पैसे ठरले आणि सगळ्यात शेवटी विषय कळला.

माप २४ बाय १८ बाय ६ सेंटीमीटर. विषय ‘सोलापूर’. एक छोटी कंपनी वर्गणीदारांना दर महिन्याला स्टेशनरीचा खोका पाठवते. त्यात एक वही, दोन पेनं, रंगीत चिकटपट्टीचं रीळ, स्टिकर, एखादं पोस्टकार्ड असं काहीबाही असतं. दर महिन्याला एक गाव, आणि त्या गावाचं चित्र खोक्यावर. मी सोलापूरची, चित्रं काढते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना होती. ‘जुन्या कापडगिरण्यांच्या लेबलांसारखं काहीतरी करा. विंटेज. देवी, हत्ती, फुलांची चौकट. झाकण उघडताना व्हिडिओत छान दिसलं पाहिजे.’

मी ‘होऊन जाईल’ असं लिहून पाठवलं. हातात तीन आठवडे होते. मला वाटलं, आठवडाभर जुनी लेबलं पाहू, रंग उचलू, अक्षरवळण उचलू, झालं.

लेबलं पाहायला फार लांब जावं लागत नाही. बंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’कडे कापडाच्या लेबलांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातली बरीच फोनवर बघता येतात. तळहाताएवढे, कधी वहीच्या पानाएवढे कागद. वर कृष्ण, गंगावतरण, वाघाची शिकार, झोपाळ्यावरची बाई, आगगाडी, आणि चौकटीत कंपनीचं नाव. रात्री अंथरुणात पडून मी ती एकामागून एक सरकवत होते. एका लेबलावर कमळात उभी असलेली लक्ष्मी होती, दोन्ही बाजूंना सोंडेनं पाणी घालणारे हत्ती.

मी उठून बसले. कारण ही बाई मला ओळखीची होती. अगदी हीच नाही, पण हिची सख्खी बहीण माझ्या अव्वाच्या देवघरात आहे.

ओठ सरकलेली लक्ष्मी

अव्वा म्हणजे माझी आजी. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. तेलंगणातून विणकामासाठी सोलापूरला आलेल्या हजारो घरांपैकी आमचं एक. ताता, म्हणजे आजोबा, गिरणीत होते. अव्वानं आयुष्यभर विड्या वळल्या. आधी दाजी पेठेत एका खोलीत सगळे राहायचे. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, १०,०२० घरांची. त्यातलं एक अव्वाचं. दाजी पेठेतून निघताना तिनं स्वतःच्या हातानं दोनच गोष्टी उचलल्या होत्या, विडीचं सूप आणि देवघर.

त्या देवघरातली लक्ष्मी मी लहानपणापासून बघत आलेय. तिचे ओठ वाकडे आहेत. लाल रंग ओठांवरून थोडा उजवीकडे घसरलाय, त्यामुळे ती एका गालात हसतेय असं वाटतं. कपाळावरचं कुंकूही तसंच, भुवईकडे कललेलं. मला वाटायचं, ती फक्त आमच्याकडे बघून तशी हसते.

शुक्रवारी अव्वा देव पुसते. मी तेव्हा गेले आणि ती तसबीर हातात घेतली.

“काय बघायलीस एवढं?” अव्वानं विचारलं.

“मागची फळी काढू का? परत नीट बसवते.”

“काच फोडू नकोस म्हणजे झालं.”

चार बारीक खिळे काढले, पुठ्ठा काढला. चित्र चौकटीपेक्षा मोठं होतं. खालची दोन बोटं भाग मागे दुमडून चौकटीत बसवला होता. दुमड उघडली तशी कागदानं कुरकुर केली. आत सोनेरी पट्टी होती. कंपनीच्या नावाचा पहिला भाग दुमडीवर झिजून गेलेला. उरलं होतं ते ‘मिल्स, सोलापूर’. उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन, त्याच्यापुढे इंग्रजीत ‘यार्ड’ छापलेलं, आणि चौकोन रिकामा.

आम्ही पन्नासएक वर्षं कापडाच्या लेबलाला उदबत्ती ओवाळत होतो.

अव्वाला मी हे जरा घाबरतच सांगितलं. ती म्हणाली, “मला काय सांगतीस? तुझ्या तातानंच आणलंय की. लग्नाच्या वर्षी. फोल्डिंगमधून. लाल रंग हललेला, म्हणून छाट काढलेलं.”

‘छाट’ हा तिचा शब्द. विडी कारखान्यात चेकर ज्या विड्या नापास करतो, त्यांना छाट म्हणतात. देवीच्या चित्रालाही छाट लागते हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की पुढचं काय विचारावं ते मला सुचेना.

छाप आणि अंगठा छाप

ते लेबल तिथपर्यंत कसं आलं, हे शोधताना माझा एक आठवडा संपला आणि दुसरा सुरू झाला.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांचं कापड आणि सूत जहाजं भरभरून मुंबईला उतरायचं. एकाच प्रकारचं पांढरं कापड दहा कंपन्या पाठवायच्या. घेणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि बहुतेकांना कुठलीच लिपी येत नव्हती. मग आपलं थान ओळखू यावं म्हणून कंपन्यांनी त्याच्या दर्शनी घडीवर चित्र चिकटवायला सुरुवात केली. व्यापारी त्याला तिकीट म्हणत, टिका म्हणत, छाप म्हणत. रॅली ब्रदर्ससारख्या बड्या पेढ्यांची अशी चित्रं बाजारात नावापेक्षा जास्त ओळखीची होती. गिऱ्हाईक येऊन कंपनीचं नाव घेत नसे. ‘हत्तीवालं दे’ एवढंच सांगे.

इथे मराठीतला एक शब्द थांबवतो. ‘छाप’. घोडा छाप, हत्ती छाप. आणि ज्याला सही करता येत नाही तो ‘अंगठा छाप’. एकाच शब्दाच्या एका टोकाला विकणारा उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला वाचता न येणारा. विकणाऱ्याची ओळख चित्रात, घेणाऱ्याची ओळख अंगठ्यात. व्यवहार दोघांनाही कळत होता.

हा व्यवहार किती गंभीर होता, ते एका खटल्यावरून कळतं. ऑर-युइंग ही स्कॉटलंडमधली कंपनी लाल रंगवलेलं सूत मुंबईला आणि एडनला पाठवायची. तिच्या लेबलावर दोन हत्ती होते. बाजारात त्या सुताचं नावच ‘बे हाथी’ पडलं. बे म्हणजे गुजरातीत दोन. मग जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या कंपनीनं आपल्या सुतावर दोन हत्तींचंच लेबल लावलं. तिचं म्हणणं, आमचं नाव स्वच्छ छापलंय, चित्रातही फरक आहे, फसवणूक कुठे आहे? प्रकरण थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८८२ साली निकाल लागला आणि तो ‘बे हाथी’च्या बाजूनं लागला. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही तो नाव बघणार नाही, तो हत्ती मोजणार, आणि दोन दिसले की ‘बे हाथी’ समजून घेणार, हे न्यायालयानं मानलं.

हे वाचून मी फोन खाली ठेवला. साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयात, लॉर्ड लोकांनी, माझ्या अव्वासारख्या माणसाच्या नजरेनं एक चित्र बघायचा प्रयत्न केला होता. दयेपोटी नाही, धंद्यासाठी. पण केला होता.

आणि तो रिकामा ‘यार्ड’चा चौकोन? त्यालाही कायद्याचा इतिहास आहे. थान घडी घातलेलं असतं, आत किती आहे ते बाहेरून कळत नाही. चाळीस यार्ड सांगून सदतीस द्यायचे, हा जुना धंदा. १८८९ साली हिंदुस्थानात मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आला. बाहेरून येणाऱ्या आणि इथल्या कारखान्यात विणलेल्या थानांवर लांबी यार्डात, इंग्रजी आकड्यांत उमटवणं त्यानं सक्तीचं केलं. मग गिरण्यांच्या लेबलांवरही लांबीसाठी जागा दिसू लागल्या. चित्र ओळखीसाठी, आकडा खात्रीसाठी. ही जोडी मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळली आणि नंतर डोक्यातून गेली नाही.

दगडावरची देवी

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली, मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानं. गावानं तिला नंतर ‘जुनी मिल’ म्हणायला सुरुवात केली, कारण मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा आणखी गिरण्या आल्या. १९४९ साली जुनी मिल मालकांनी बंद केली, तेव्हा तिथे सुमारे १३ हजार कामगार होते. सरकारनं १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, त्यावर सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. घटना लागू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातला तो खटला कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. आपल्या गावाचं नाव असं पुस्तकात जातं, आणि गावाला ठाऊक नसतं.

या देशी गिरण्यांनीही मँचेस्टरचीच रीत उचलली. कापड तर आपलं, मग चित्रही आपलं हवं.

चित्र छापायचं तंत्र होतं शिळाछापाचं. १७९६ च्या सुमारास जर्मनीत सेनेफेल्डर नावाच्या माणसानं ते शोधलं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. दगड ओला करायचा. तेलकट जागी पाणी बसत नाही, तिथे शाई बसते. कागद दाबला की चित्र उमटतं. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. केसभर हलला तर ओठांचा लाल गालावर जातो.

आमच्या लक्ष्मीचं हसू असं तयार झालं. शेवटी दगड असेल किंवा पत्रा असेल, कोणीतरी कागद सरळ ठेवायला चुकला होता, आणि त्या चुकीला मी वीस वर्षं कृपा समजत होते.

महाराष्ट्रात रंगीत चित्रं घरोघरी नेण्याचं काम आधी पुण्याच्या चित्रशाळेनं केलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ती १८७८ साली सुरू केली. मग १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. देवादिकांच्या तसबिरींबरोबर तिथे व्यापारी लेबलंही छापली जात. म्हणजे एकाच छापखान्यातून एक लक्ष्मी तसबिरीच्या चौकटीत जायची आणि दुसरी कापडाच्या थानावर. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागली.

थानावरचं चित्र तरी थानावर कुठे राहायचं? लोक ते अलगद सोडवून घ्यायचे. भिंतीवर, ट्रंकेच्या झाकणाला आतून, देवघरात लावायचे. दोन रुपयांची तसबीर परवडत नाही तिथे कापडाबरोबर फुकट आलेली देवी चालायची. कंपन्यांनाही ते हवंच होतं.

पुढे स्वदेशीच्या काळात लेबलांवर भारतमाता आली, चरखा आला, गांधीजी आले. सोलापूरच्या गिरणी कामगारांनी १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांना गाव सोडायला लावलं होतं. सरकारनं मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. अशा काळात चरख्याचं चित्र हे साधं चित्र नव्हतं. आणि म्हणूनच ते विकायलाही उपयोगी होतं. यंत्रावरचं कापड खादी म्हणून खपवण्याचे प्रकार इतके वाढले की १९३४ साली ‘खद्दर’ आणि ‘खादी’ या नावांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. चित्रानं वचन द्यायचं आणि आतल्या मालानं ते मोडायचं, ही भीती तेव्हाही होती.

अव्वाचं लेबल

एवढं सगळं वहीत उतरवून मी अव्वाकडे गेले. ती दारात बसली होती, मांडीवर सूप. वय झालं, कार्ड बंद झालं, तरी शेजारणीला हातभार म्हणून थोड्या वळते. ओलं करून मऊ केलेलं तेंदूचं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा, कात्रीनं चौकोन, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोकं आत, दोरा. एवढं होईपर्यंत तिनं माझ्याकडे बघून दोन वाक्यं बोललेली असतात.

विडीची मजुरी हजारावर असते. पंचवीस-पंचवीसची बंडलं. लेबल मात्र घरी येत नाही, ते कारखान्यात लागतं. अव्वाला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. कार्डावर किती लिहिलंय ते तिला कोणी फसवून सांगू शकलं नाही.

मी विचारलं, “तू वळलेल्या विडीवर कसलं चित्र असायचं, आठवतं?”

तिला सगळी आठवत होती. मग म्हणाली, “आता सगळ्यांवर एकच फोटो आहे.”

ते खरं आहे. ३१ मे २००९ पासून भारतात तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर इशाऱ्याचं चित्र सक्तीचं झालं. एप्रिल २०१६ पासून त्यानं पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. हा नियम योग्यच आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा, म्हणून चित्र. कारण तेच जे दीडशे वर्षांपूर्वी होतं, फक्त आधी चित्र ‘घे’ म्हणत होतं, आता ‘घेऊ नकोस’ म्हणतं.

पण अव्वाच्या आणि तिच्या शेजारणींच्या खोकल्याचा फोटो कुठल्याच बंडलावर कधी नव्हता. वाकलेल्या पाठीचाही नव्हता. मी पाहिलेल्या शेकडो लेबलांवर राजे होते, देव होते, शिकारी होते, गाणाऱ्या बाया होत्या. साच्यावर उभा असलेला माणूस जवळजवळ नाही. सूप मांडीवर घेतलेली बाई तर एकही नाही.

त्या रात्री मी अव्वाचे हात काढले. फर्मा, कात्री, पान, दोरा. भोवती लेबलासारखी सोनेरी चौकट. दुसरं चित्र काढलं ते कंपनीनं मागितलेलं: आमची लक्ष्मी, दोन हत्ती, ओठ मुद्दाम थोडे सरकलेले. खरं सांगायचं तर दुसरं जास्त देखणं झालं होतं.

सकाळी दोन्ही प्रिंट अव्वापुढे ठेवले. हातांकडे तिनं नुसती नजर टाकली. “हे कुणाला बघायचंय?” लक्ष्मी मात्र हातात घेतली.

“हे कुठं लागणार?”

“खोक्यावर. झाकणावर.”

“आणि खोका कसा उघडायचा?”

मी दाखवलं. झाकणावर मधोमध पट्टी असते. ती ओढली की खोका फाटत जातो. माझ्या मांडणीत ती पट्टी हत्तींच्या सोंडेखालून, कमळाच्या देठातून जात होती.

अव्वा काही बोलली नाही. लक्ष्मीचा कागद तिनं देवघरात नेऊन ठेवला, नव्या प्रिंटचा, आणि परत येऊन सुपाला बसली.

घोड्याची शाई

कापडाची गोष्ट स्टेशनरीला कितपत लागू होते, असंही मी स्वतःला विचारलं. लागू होते. १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करून विकायला सुरुवात केली. मालाचं नाव ‘हॉर्स ब्रँड’. घोड्यानंतर उंट आला, आणि तो उंट आपल्यातल्या बहुतेकांच्या कंपास पेटीवर, खडूंवर, रंगांच्या डबीवर चालत आला. कॅमलिन. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीनं त्यातला मोठा हिस्सा घेतला. कोकुयोची सुरुवात १९०५ साली झाली होती ती हिशेबाच्या वह्यांची वेष्टनं बनवण्यापासून. आत काय लिहायचं ते लिहिणारा ठरवणार, आपण बाहेरचा पुठ्ठा नीट करायचा, एवढंच काम.

कंपास पेटी रिकामी झाली तरी कोणी टाकत नाही. आमच्या घरी तीत सुया आहेत. हे मला खोक्याचं माप पुन्हा बघताना आठवलं.

मी कंपनीला अव्वाच्या हातांचं चित्र पाठवलं, सोबत लांबलचक टिपण. उत्तर तासाभरात आलं. ‘चित्र सुंदर आहे. पण विडी म्हणजे तंबाखू, आमच्या ग्राहकांत शाळकरी मुलं आहेत. चालणार नाही. लक्ष्मी पाठवा ना.’

रागावले होते, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मुलांच्या स्टेशनरीवर विडी नको, हे मलाही पटत होतं. मग मी लिहिलं, की लक्ष्मी फाटणाऱ्या खोक्यावर देणार नाही. तिकडून थोडा वेळ शांतता. नंतर ‘ठीक आहे, पण सोमवारपर्यंत दुसरं काही द्या, नाहीतर हे गाव पुढच्या वर्षी ढकलू’. गाव ढकललं की पैसेही ढकलले जाणार, आणि आगाऊ घेतलेल्या रकमेतून मी घरभाडं भरलं होतं.

अर्धा मोर

रविवारी मी काकाकडे गेले. तो चादरीच्या कारखान्यात डिझाइन करायचा. आता ते काम संगणकावर होतं, पण त्याच्या पलंगाखाली जुने ग्राफ आहेत. सोलापुरी चादर जकार्ड मागावर विणतात. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं ही युक्ती बसवली: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, भोक आलं की धागा उचलला जातो, नाही आलं की खाली राहतो. ती भोकं कुठे पाडायची हे ठरवण्यासाठी आधी चौकटींच्या कागदावर चित्र काढायचं. एक चौकोन म्हणजे एक धागा. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, रिकामा म्हणजे खाली.

काकानं एक ग्राफ उलगडला. लाल रंगानं भरलेला मोर, पण अर्धाच. चोचीपासून पाठीच्या मध्यापर्यंत.

“उरलेला?”

“उरलेला कशाला काढायचा? तो आरशासारखा उलटतो. माग पुरा करतो.”

ग्राफचा कागद म्हणजे स्टेशनरीच की. मी तिथेच पलंगावर बसून खोक्याची मांडणी केली. झाकणावर चौकटी, त्यात अर्धा मोर, हातानं भरल्यासारखा. फाडायची पट्टी बाजूच्या कडेला, चित्राला धक्का न लागता. आत एक कोरा ग्राफ कागद, उरलेला मोर ज्यानं त्यानं पुरा करायला. आणि तळाशी, जुन्या लेबलांसारखी एक सोनेरी पट्टी: ‘सोलापूर’, आणि कोपऱ्यात चौकोन. आत किती वस्तू आहेत तो आकडा त्या चौकोनात. त्यांच्या आधीच्या खोक्यांवर आकडा कधीच नसायचा. मी अट घातली की तो हवाच.

सोमवारी होकार आला. हातांचं चित्र कुठेच गेलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याला जागा कुठे मिळेल, हे मला अजून सुचलेलं नाही.

पहिला छापील खोका घेऊन मी कुंभारीला गेले. अव्वानं मोर बघितला, ओळखला. “चादरीचा,” म्हणाली. मग खोका उलटा केला, कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं.

“नऊ?”

“नऊ.”

तिनं कडेची पट्टी ओढली, एकेक वस्तू काढून सुपात ठेवली. वही, दोन पेनं, रीळ, स्टिकरचा कागद, पोस्टकार्ड, पेन्सिल, खोडरबर, ग्राफ. विड्या मोजताना जसा अंगठा प्रत्येकीवरून फिरतो, तसा फिरवला. नऊ भरल्या.

वस्तू तिनं मला परत दिल्या. खोका ठेवून घेतला. आता त्यात दोऱ्याची रिळं असतात.